इस्त्रीवालीचं नाव

मला त्या शिवणकारखान्यात नेलं एका फुलाने. एका हॉटेलने उशीच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर दिली होती आणि प्रत्येक अभ्र्याच्या कोपऱ्यात हॉटेलचं नाव इंग्रजीत भरून हवं होतं. हॉटेलचं नाव लिली. कारखान्यातल्या कुणीतरी तो शब्द शब्दकोशात बघितला, फूल निघालं, आणि मग सगळ्यांनी मिळून सगळ्या अभ्र्यांवर गुलाबी आणि हिरव्या धाग्यांनी असं काही देखणं फूल भरलं की मालकीणबाईंनी त्यातला एक अभ्रा घरी नेऊन जपून ठेवला. हॉटेलवाल्याने बाकीचे परत पाठवले. त्याला फूल नको होतं, नाव हवं होतं. त्याच आठवड्यात मला बोलावणं आलं.

"सर, ह्यांना वस्तू आणि नाव यातला फरक शिकवा," मालकीणबाई म्हणाल्या. "बाकीचं व्याकरण गेलं उडत."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. व्याकरण गेलं उडत, हे ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली. पण घरी बसून स्वयंपाकघरात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं, असं माझ्या बायकोचं मत पडलं आणि आमच्याकडे तिचं मत पडलं की विषय संपतो. मी दुसऱ्या दिवसापासून रुजू झालो.

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल. दोन्ही बाजूंना मशिनांच्या रांगा, मध्ये कटिंगचं टेबल, टोकाला काचेची एक छोटी खोली. मशिनांचा खडखडाट एवढा की माझं डोकं पहिल्या तासातच भणभणलं. पण तिथे त्याचा त्रास होणारा मी एकटाच होतो, कारण शिवणारे झाडून सगळे ऐकू न येणारे. त्यांचं बोलणं हातांचं. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या बाईशी सूनबाईंच्या कागाळ्या करत असायचा आणि मधल्या कुणाला त्या ऐकायच्या नसतील तर त्याने फक्त मान खाली घालायची. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ही सोय नव्हती.

कामगारांत ऐकू येणारी एकच होती, ती त्या काचेच्या खोलीत. इस्त्रीवाली.

वय साठीला टेकलेलं, अंगाने काटकुळी, उभं राहून राहून गुडघे कामातून गेलेले. हातातल्या बांगड्या वाफेने तापू नयेत म्हणून ती त्या कोपरापर्यंत वर सारायची आणि त्यांच्यावर फडक्याची पट्टी बांधायची. इस्त्रीचं टेबल भिंतीला लावलेलं, कारण बटण भिंतीत होतं. त्यामुळे दिवसभर तिचं तोंड भिंतीकडे आणि पाठ हॉलकडे. ह्या पाठीची गोष्ट पुढे येणार आहे.

नावाला ती इस्त्री करायची, पण खरं तर ती त्या हॉलचा कान होती. फोन तिने घ्यायचा, दारावरची घंटा तिने ऐकायची, आणि मशिनंसुद्धा. एवढ्या गोंगाटात कुठल्या मशिनचा पट्टा सैल झालाय, कुणाची सुई आता तुटेल, हे तिला पाठमोरी असताना कळायचं. मग ती लंगडत जायची, शिवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि मशिनकडे बोट दाखवायची. मी तिला एकदा विचारलं, हे कसं काय जमतं. ती म्हणाली, "चार पोरं एकदम रडायला लागली तर आपलं कुठलं ते आईला कळत नाही का, तसंच."

तिथली एक जुनी हकीकत मला ज्याने त्याने वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवली. ती नवीन होती तेव्हा एक दिवस इस्त्री करता करता थांबली, खोलीतून बाहेर आली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. एकेक करत सगळ्यांची मशिनं थांबली. हिला वेडबीड लागलं की काय, असं वाटून सगळे बघत राहिले. ती थेट चिंध्यांच्या ढिगाऱ्याकडे गेली, वरची पोती उपसली आणि तळातून मांजराचं एक पिल्लू बाहेर काढलं. तो ढीग दुपारी गाडीत भरून जायचा होता. पिल्लू किती जोरात ओरडत होतं ते तिच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. त्याचं पुढे चांगलं गलेलठ्ठ मांजर झालं, आणि ते कटिंगच्या टेबलावरच झोपायचं.

माझा वर्ग चहाच्या सुट्टीनंतर. मी धाग्यांच्या रिळांची दोन रिकामी खोकी टेबलावर मांडली. डावं खोकं सामान्यनामांचं, उजवं विशेषनामांचं. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर इंग्रजी शब्द लिहिले. शहर डावीकडे, त्या शहराचं नाव उजवीकडे. हॉटेल डावीकडे, लिली उजवीकडे. नाव असेल तर इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं, असा नियम मी फळ्यावर लिहिला आणि कटिंग मास्टरने तो हातांनी सगळ्यांना सांगितला. मास्टर तिथला सगळ्यात जुना माणूस. लहानपणी चांगलं शिकलेला, मराठी झरझर लिहायचा, पण कागदावर नाही. कापडावर आखायच्या खडूने कटिंगच्या टेबलावर लिहायचा आणि वाचून झालं की तळहाताने पुसून टाकायचा.

मी समाधानाने हात झटकले, तोच कापडाच्या कडा बांधायच्या मशिनवरची ओव्हरलॉकवाली उठली. ती म्हणजे त्या हॉलमधलं सगळ्यात खट्याळ माणूस. तिने कपड्यांना लावायच्या लेबलांची मूठ भरून आणली आणि सगळीच्या सगळी उजव्या खोक्यात ओतली. लेबलांवर कॉटन, गार पाण्यात धुवा, इस्त्री मंद ठेवा, असं सगळं इंग्रजीत छापलेलं होतं आणि सगळं मोठ्या अक्षरात होतं. माझ्या नियमाप्रमाणे ती सगळी नावंच. मी तोंडघशी पडलो. रागही आला आणि हसूही.

मग मी शब्द सोडले आणि माणसं धरली. इथेच मला एक नवं जग सापडलं. त्या हॉलमध्ये प्रत्येकाला दोन नावं होती. एक कागदावरचं, ज्याचा उपयोग पगाराच्या दिवशी. दुसरं हातातलं, रोजचं. वॉचमनचं नाव मिशीला पीळ देणं. त्याने मिशी काढून टाकल्याला जमाना झाला होता, पण मिशी गेली तरी नाव राहिलं. मालकीणबाईंचं नाव अंबाड्यात पेन्सिल खोचणं. माल नेणाऱ्या ड्रायव्हरचं नाव जांभई. आणि ही नावं कुणी स्वतःसाठी घेत नव्हतं. ती बाकीच्यांनी बघून बघून दिलेली.

माझं नाव मला अपघाताने कळलं. मी फळ्यावर लिहिता लिहिता एकदम मागे वळलो तर ओव्हरलॉकवाली दोन्ही हातांनी पँट वर ओढत होती आणि सगळे हसत होते. ही माझी टिंगल आहे असं समजून मी डोळे वटारले. मास्टरने खडू घेतला आणि टेबलावर लिहिलं, "चेष्टा नाही. हे तुमचं नाव." मी वाचलं आणि त्याच क्षणी माझे दोन्ही हात नकळत पँटकडे गेले.

इस्त्रीवाली हे सगळं काचेतून बघायची. अधूनमधून घड्या पोचवायच्या निमित्ताने दारात येऊन उभी राहायची. एक दिवस चहाच्या वेळी तिने मला खोलीत बोलावलं, माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि विचारलं, "सर, मुलगी हे सामान्यनाम. मग आई?"

"आई पण सामान्यनामच."

"पण मला तर एकच होती."

"जगात पुष्कळ आया आहेत."

"असतील. मी माझ्या आईबद्दल विचारते आहे."

 मग मी तिला सांगितलं की इंग्रजीत माझी आई म्हटलं तर आईचं पहिलं अक्षर लहान. पण आईला नुसती आई म्हणून हाक मारली तर तेच अक्षर मोठं, कारण तेव्हा तो शब्द नावासारखा वापरलेला असतो. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे हाक मारली की नाव होतं."

"तसंच काहीसं," मी म्हणालो. खरं म्हणजे नियम इतका सरळ नाही, पण चहा गार होत होता.

तिला मात्र ते भारीच पटलं. ती एकेक आठवून बोलायला लागली. "माहेरी मला मोठी म्हणायचे, पाठीवर बहिणी होत्या म्हणून. सासरी आले ती धाकटी झाले, वर जावा होत्या म्हणून. बघा, मोठीची धाकटी झाले एका दिवसात. मग मुलगा झाला तशी त्याची आई, दिरांची वहिनी, भावाच्या पोरांची आत्या. आणि इथे इस्त्रीवाली."

"आणि यजमान काय म्हणायचे?"

"अगं. अगं कुठल्या खोक्यात टाकणार, सर?"

मला हसू आवरेना. तीही हसली. "माझं कागदावरचं नाव दवाखान्यात पुकारलं ना, तर मी शेजारी बसलेल्या बाईकडे बघते. ही का उठत नाही, असं वाटतं मला."

मग तिने इस्त्री बंद केली आणि खरी गोष्ट सांगितली. महिनाअखेरीस ती काम सोडणार होती. गुडघे आता उभं राहू देत नव्हते. मुलगा दुसऱ्या गावी होता, तो न्यायला येणार होता. जायचं ठरलं याचं तिला दुःख नव्हतं, नातवंडं होती तिथे. पण एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती.

"इथे वॉचमनला नाव आहे. ड्रायव्हर आठवड्यातून एकदा येतो, त्याला आहे. तुम्ही परवा आलात, तुम्हालासुद्धा मिळालं. मी एवढी वर्षं ह्यांच्यात आहे, मला कुणी आजवर नावाने बोलावलेलं नाही. खांद्यावर थाप मारतात, नाहीतर दिवा उघडझाप करतात. ह्यांची मी कुणी होते की नुसती इस्त्री होते, एवढं जायच्या आधी कळलं तर बरं."

मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, कुतूहलही वाटलं. ज्या लोकांनी जांभईचंसुद्धा नाव केलं, त्यांनी हिला कसं वगळलं?

"मग विचारा ना मास्टरला," मी म्हणालो.

"नाव मागून घ्यायचं? तो काय उसना तवा आहे?"

म्हणून मी एक युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी वर्गात एकेकाला उभं केलं. मी फळ्यावर माणसाचं काम लिहायचं, त्यांनी त्याचं हातातलं नाव दाखवायचं. वॉचमन लिहिलं, मिशी आली. मालकीण लिहिलं, पेन्सिल आली. लग्न होऊन सोडून गेलेल्या, काजं करणाऱ्या एका मुलीचं नावही आलं, ते म्हणजे गालावरची खळी. इस्त्रीवाली ठरल्याप्रमाणे घड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती. मी अगदी सहज केल्यासारखं फळ्यावर लिहिलं, इस्त्रीवाली.

सगळ्यांनी एकदम दाराकडे वळून तिच्याकडे बोट दाखवलं.

मी मास्टरकडे बघितलं. त्यानेही बोटच दाखवलं, आणि एवढं समोर उभं माणूस ह्या सरांना दिसत नाही की काय, अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तिने गठ्ठा ठेवला आणि ती खोलीत गेली. नंतर मी गेलो तेव्हा चादरीवर इस्त्री रेटत म्हणाली, "बोट काय, खांबालाही दाखवतात."  माझ्या शहाणपणाने तिला होतं त्यापेक्षा जास्त दुखावलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या जागी काम करायला नवी बाई आली. ती ओव्हरलॉकवालीची जाऊ, तिलाही ऐकू येत नव्हतं. इस्त्रीवालीने तिला चार गोष्टी शिकवायच्या होत्या. बोळा किती ओला हवा, काठ कुठून धरायचा, रेशमी कापडावर मलमल कशी टाकायची. पहिल्याच दिवशी सगळे चहाला जमलेले असताना तिने नव्या बाईला स्वतःची ओळख करून दिली. छातीवर हात ठेवला, मग मूठ वळून हवेत इस्त्रीसारखी फिरवली आणि लगेच बांगड्या वर सारल्याची खूण केली. म्हणजे हे माझं नाव. घरी आरशासमोर बसून तिने ते जुळवलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

हॉलमधले सगळे हात थांबले. तिथे हात थांबणं म्हणजे आपल्याकडे चारचौघांत अचानक शांतता पडावी तसं. कुणी कपात बघायला लागलं, कुणी मांजराकडे. ओव्हरलॉकवाली, जिच्या तोंडावर नेहमी हसू, तीसुद्धा खाली बघत राहिली. मास्टर पुढे आला, मान हलवली, हाताने नाही म्हणाला. जोरात नाही, समजावल्यासारखं. पण नाही ते नाहीच.

ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी पाठोपाठ गेलो. तिचे डोळे भरून आले होते, पण ती चिडली होती. "स्वतः देत नाहीत आणि मी घेतलं तर घेऊ देत नाहीत. मी काय कुणाची चोरी केली?"

मला राहवेना. मी तडक मास्टरकडे गेलो, त्याचाच खडू उचलला आणि टेबलावर लिहिलं, "तिला असं का तोडून टाकलंत?"

त्याने खाली लिहिलं, "आपलं नाव आपण ठरवत नाही. बाकीचे देतात. नियम आहे."

"मग द्या ना. चार दिवस राहिलेत."

त्याने ते वाचलं. माझ्याकडे नीट बघितलं. मग तो गालात हसला, तळहाताने दोन्ही ओळी पुसून टाकल्या आणि कापडाची घडी उलगडायला लागला. मला त्या हसण्याचा मनस्वी राग आला. ही मंडळी मनाने इतकी कोरडी असतील असं वाटलं नव्हतं, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

तिला मात्र कोरडं होणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मशिनांमधून हिंडत होती. त्याच दिवशी ओव्हरलॉकवाली आपल्या जावेला काहीतरी सांगताना इस्त्रीवालीला काचेतून ओझरती दिसली. मान एका बाजूला वाकडी, हात वर. बिचारीची मान आखडली असणार, असं समजून हिने आपल्या पिशवीतली तेलाची बाटली नेऊन तिच्या हातात दिली आणि रात्री चोळून लाव म्हणून बजावलं. ओव्हरलॉकवाली आधी गोंधळली, मग तिला हसू फुटलं, आणि तिने बाटली घेऊन टाकली.

शेवटचा दिवस आला. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक चादर शिवली होती, कडेने तीच लिलीची फुलं, गुलाबी आणि हिरवी. हॉटेलच्या ऑर्डरमधले उरलेले धागे कामाला आले. मालकीणबाईंनी दोन शब्द बोलून डोळे पुसले आणि त्या कामाला निघून गेल्या. मग एकेकाने तिचे हात हातात घेतले. मास्टरने बराच वेळ घेतले. नाव कुणीच दिलं नाही. मी प्रत्येकाच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो, आणि तीही बघत होती, हे मला दिसत होतं. शेवटी तिने चादर काखेत मारली आणि निघाली. मुलगा गाडी घेऊन खाली थांबला होता. मी तिची पिशवी उचलली.

जिना उतरताना ती म्हणाली, "जाऊ द्या सर. चादर चांगली आहे."

 आम्ही पहिल्या मजल्यावर पोचलो असू. वर मशिनं पुन्हा सुरू झाली होती. ती पायरीवर थबकली.

"पट्टा घासतोय."

"कसला पट्टा?"

"खिडकीकडच्या रांगेत. आता जळेल तो." आणि ती वळून पुन्हा जिना चढायला लागली, गुडघ्यांवर हात ठेवत. मी म्हणालो, तुम्ही थांबा, मी सांगतो. तिने ऐकलं नाही. खिडकीकडच्या रांगेत मशिनं पुष्कळ, त्यातलं कुठलं, ते मला काय डोंबल कळणार होतं.

हॉलचं दार अर्ध्यातून वर काचेचं. ती दाराशी उभी राहिली आणि नेमकं कुठलं मशिन ते ऐकायला लागली. मी दोन पायऱ्या खाली होतो, तिथून मला ती दिसत होती आणि काचेतून आतलंही दिसत होतं. तिने मान डावीकडे कलती केली. भुवया वर गेल्या. उजवा हात हातातली इस्त्री कापडावरून उचलून धरावी तसा हवेत थांबला. हे सगळं तिच्या नकळत. मी तिला असं कितीतरी वेळा पाहिलं असेल आणि कधी बघितलं नव्हतं.

आत काचेच्या खोलीपाशी मास्टर नव्या बाईला काहीतरी समजावत होता. काठ कसा धरायचा ते दाखवत होता बहुतेक. मध्येच त्याने मान डावीकडे कलती केली, भुवया वर नेल्या आणि उजवा हात हवेत धरला. मग काठाची खूण. म्हणजे, ती असा धरायची. नव्या बाईने विचारलं, कोण? मास्टरने पुन्हा तेच केलं. पलीकडून ओव्हरलॉकवालीने मान कलती करून, हात हवेत धरून काहीतरी जोडलं आणि डोळे पुसले. काजं करणाऱ्या एकाने आपल्या जागेवरून तेच केलं आणि भिंतीकडच्या रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं. सगळ्या हॉलभर त्या खुणेतून ती चालली होती. ह्या रांगेतून त्या रांगेत, ह्या हातातून त्या हातात.

आणि दाराबाहेर ती तशीच उभी होती. मान कलती, हात हवेत. स्वतःकडेच बघत.

मांजराने आधी पाहिलं तिला. मग मास्टरने. सगळ्यांचे हात एकदम खाली आले आणि सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

ती आत गेली. आधी खिडकीकडच्या रांगेतल्या मशिनपाशी जाऊन तिने पट्टा दाखवला, कारण तिच्या हिशेबी ते पहिलं. मग मास्टरसमोर उभी राहिली आणि त्याने मघाशी केलेली खूण करून भुवया उंचावल्या. हे काय?

मास्टरला प्रश्नच कळला नाही. मी तो टेबलावर लिहिला, तेव्हा त्याने माझ्या हातातून खडू घेतला. त्याने लिहिलं, "तुमचं नाव."

"मला कधी दाखवलं नाहीत," असं तिने हातांनी सांगितलं. 

मास्टरने नवलाने तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "समोर असलेल्या माणसाला नाव कशाला? त्याच्याकडे बघायचं," त्याने लिहिलं. "नाव जे समोर नाही त्याच्यासाठी."

मी ती ओळ वाचली आणि मला फळा आठवला. माझं नाव मी पाहिलं ते पाठ फिरवली होती तेव्हाच. आम्ही ऐकणारी माणसं, नाव हाक मारायला असतं असं धरून चाललो होतो, आणि ते ज्ञान तिला मीच दिलं होतं. इथे हाक मारायला खांदा होता, दिवा होता, बोट होतं. आणि ती तर जन्मभर हॉलकडे पाठ करून उभी.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मास्टरने टेबलावरच्या गलेलठ्ठ मांजराला थोपटलं आणि हाताने चिंध्यांचा ढीग उपसल्याची खूण केली. तेव्हापासून. ओव्हरलॉकवालीने मधेच घुसून आपल्या पिशवीतून तेलाची बाटली काढली. ती अजून भरलेली होती. तिने ती सगळ्यांना दाखवली, मान कलती केली, चोळल्याचं नाटक केलं आणि हॉलभर हसण्याची लाट उठली. इस्त्रीवाली हसली आणि रडली, दोन्ही एकदम, पदराने तोंड पुसत. मग मुलाने खालून हॉर्न वाजवला. तो ऐकणारे तिथे आम्ही दोघंच होतो.

जिना उतरताना ती मध्येच कठडा धरून थांबली. मग म्हणाली, "मी खरंच असं करते, सर?"

"मघाशी दारात करत होतात."

"कुणी कधी सांगितलं नाही. घरी पण नाही."

"घरी कुणी बघितलं नसेल."

"नसेल," ती म्हणाली.

गाडीपाशी मुलगा घाई करत होता. आई, चल, उशीर होतोय. मी पिशवी ठेवली. ती चादर घेऊन बसणार, तेवढ्यात एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर ठेवून थांबली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खडखडाट खाली येत होता.

"बदलला पट्टा," ती म्हणाली. "आता नीट चालतंय."

मग तिचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. तो हवेत थांबलेला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मान तशीच कलती ठेवून. मुलाने पुन्हा हाक मारली. तिने ऐकली, पण हात लगेच खाली घेतला नाही.